क्ष-किरणांचा निःस्वार्थ जनक

धाराशिव जिल्ह्यातील भूम व परंडा तालुके बार्शी येथे १९८७ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण कर्करोग नोंदणीच्या कक्षेत येतात. फुफ्फुसातील गाठ किरणोपचाराने आटली की नाही, हे स्कॅन पाहून ठरवले जाते. उपचार आणि तपासणी या दोन्हींचे मूळ जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म कॉनराड राँटगेन यांच्या शोधात आहे.

राँटगेन यांचा जन्म २७ मार्च १८४५ रोजी लेनेप येथे कापड व्यापाऱ्याच्या घरी झाला. शिक्षकाचे व्यंगचित्र काढणाऱ्या मित्राचे नाव न सांगितल्याने त्यांना शाळा सोडावी लागली. तरीही १८६९ मध्ये झुरिच येथे त्यांनी डॉक्टरेट मिळवली. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्झबर्गच्या प्रयोगशाळेत काळ्या कागदाने झाकलेल्या नळीतून निघणारे अदृश्य किरण त्यांना आढळले. पत्नीच्या हाताची हाडे व अंगठी दाखवणारे छायाचित्र जगभर गाजले. पुढच्याच वर्षी कर्करोगाच्या गाठींवर या किरणांचा प्रयोग सुरू झाला.

१९०१ मध्ये भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. ती रक्कम त्यांनी वुर्झबर्ग विद्यापीठाला दिली. शोधाचे पेटंटही घेतले नाही. त्यामुळे तो सर्वांसाठी खुला राहिला.

१० फेब्रुवारी १९२३ रोजी म्युनिक येथे आतड्याच्या कर्करोगानेच त्यांचे निधन झाले. रुग्णाचा पहिला सीटी स्कॅन त्यानंतर ४८ वर्षांनी, १९७१ मध्ये झाला. किरणोपचारानंतरची सूज किंवा व्रण स्कॅनमध्ये गाठीसारखाच भासू शकतो. म्हणूनच उपचारापूर्वीच्या व नंतरच्या प्रतिमा शेजारी ठेवूनच डॉक्टर निष्कर्ष काढतात. रुग्णाने जुना स्कॅन जपून ठेवणे त्यामुळेच मोलाचे ठरते.