साष्टीचे फादर थॉमस स्टीफन्स

धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या पुस्तकांत एका इंग्रज पाद्र्याचें चरित्र कशाला, असें कोणी विचारील. सोनगीर-धुळ्याकडे घरीं अहिराणी बोलणारे आपण लोक ख्रिस्तमंदिरांत मराठींत प्रार्थना करतों. त्या मराठीस पहिला मोठा ख्रिस्ती ग्रंथ ज्यांनीं दिला, ते हे फादर स्टीफन्स होत. म्हणून आम्हांस हें स्मरण उचित वाटतें.

त्यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडांत विल्टशायर प्रांतीं झाला. एलिझाबेथ राणीच्या अमदानींत तेथें कॅथलिक धर्म उघडपणें पाळणें कठीण होतें. ते रोमला गेले, १५७५ त येशूसंघांत शिरले, आणि ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनहून निघून २४ ऑक्टोबरला गोव्यास पोंचले. पुढें १६१९ त देह ठेवीपर्यंत त्यांचें बहुतेक आयुष्य साष्टींतच गेलें.

तो काळ सुखाचा नव्हता, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. १५६७ त साष्टींतील हिंदूंचीं देवळें सरकारनें पाडविलीं होतीं. १५८३ त कुंकळ्ळीस फादर रुदोल्फ आक्वाविवा व त्यांचे चार संघबंधु मारले गेले. मागाहून पोर्तुगीजांनीं तेथील कित्येक गांवकरांस ठार केलें. स्टीफन्स यांनीं त्याच वर्षीं आपल्या भावास पत्रानें ही हत्या कळविली. परंतु त्याच पत्रांत त्यांनीं येथील भाषांची वाखाणणीही केली, व त्यांची रचना ग्रीक-लॅटिनशीं जुळती असल्याचें लिहिलें. त्यांचें पुढील सारें कार्य या दुसऱ्या गोष्टींतून निघालें, असें आमचें मत आहे.

नव्या ख्रिस्ती लोकांची अडचण मोठी होती. जुन्या पोथ्या बंद झाल्या. मग सायंकाळीं घरच्या मंडळीनें ऐकावें काय? नुसतीं प्रश्नोत्तरें पाठ करून मन भरत नाहीं, हें कोणताही कॅटेकिस्ट सांगेल. बोलण्यांत कोंकणी आणि पोथींत मराठी, अशी तिकडची रीत होती. स्टीफन्स यांनीं ती ओळखून सुमारें ११,००० ओव्यांचें ख्रिस्तपुराण मराठींत रचिलें. पहिल्या भागांत जगाच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याची वाट पाहण्याचा वृत्तांत असून दुसऱ्यांत प्रभु येशूचें चरित्र आहे. रविवारीं व सणांस तें ख्रिस्तमंदिरांत वाचलें जाई. कोंकणीचें व्याकरणही त्यांनीं लिहिलें. तें १६४० त छापलें गेलें.

पुराण १६१६ त रायतूर येथें छापलें, पण रोमन लिपींत. देवनागरी खिळे पाडावे म्हणून त्यांनीं १६०८ त वरिष्ठांस लिहिलें होतें. तें साधलें नाहीं. पुढें १६८४ त तर लोकांनीं तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावें, असा सरकारी हुकूम निघाला. १६१६, १६४९ व १६५४ या तीनही आवृत्त्यांची एकही प्रत उरली नाहीं. उरल्या त्या हस्तलिखित नकला. त्यांच्या आधारें १९०७ त मंगळुरास पुराण पुन्हां छापलें, तेंही रोमन लिपींत. देवनागरींत तें पुण्यास १९५६ त निघालें. तेव्हां फादर स्टीफन्स यांस जाऊन ३३७ वर्षें झालीं होतीं.