दादासाहेब फाळके : सिनेमाआधीचा कलरवाला माणूस

मार्चमध्ये चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात पळस फुललेला असतो. मोबाइलवर काढलेला त्याचा फोटो स्क्रीनवर अक्षरशः पेटलेला दिसतो, आणि तोच छापून आणला की विझल्यासारखा मातकट! कारण फोटो आरजीबी मोडमध्ये असतो आणि छपाई सीएमवायकेमध्ये होते. या दोन मोडांमधली ही ओढाताण मोबाइलच्या कितीतरी आधी आपल्याकडच्या एका माणसाने हाताने केली, त्यावर संसारही चालवला. तो माणूस म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. हो, तेच, सिनेमावाले दादासाहेब.

जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वरचा. १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, मग बडोद्याच्या कलाभवनात. चित्रकला, फोटोग्राफी, साचेकाम, जे समोर येईल ते शिकायचं. पुढे रतलामला जाऊन ते तीनरंगी ब्लॉक बनवायला शिकले, आणि आपल्या कामाची गोष्ट हीच आहे.

तीनरंगी ब्लॉकसाठी एकाच चित्राचे तीन फोटो घ्यायचे. दरवेळी लेन्ससमोर वेगळ्या रंगाची काच: लाल, हिरवी, निळी. फिल्टर हा शब्द मुळात या काचेचाच! लाल काचेतून घेतलेल्या निगेटिव्हवरून सायन शाईचा ब्लॉक बनतो, हिरव्यावरून मॅजेंटा, निळ्यावरून पिवळा. उलटं का? कारण स्क्रीन अंधारात प्रकाश मिसळत जाते, तर कागद आधीच पांढरा असतो आणि शाई त्यातला प्रकाश खाते. सायन शाई लाल प्रकाश खाते, म्हणून चित्रात जिथे लाल नाही तिथे ती लावायची. शाया काही शंभर टक्के शुद्ध नसतात. तिन्ही मिळूनही नीट काळा होत नाही, म्हणून पुढे चौथा काळा रंग आला, तोच सीएमवायकेमधला ‘के’. पळसाचा तो भगवा शाईत बसत नाही तो यामुळेच. एडिटिंग अ‍ॅपमध्ये मोड बदलताना जे एका टॅपमध्ये होतं, त्यासाठी फाळक्यांना डार्करूममध्ये बसावं लागायचं.

मधल्या काळात गोध्र्यात फोटो स्टुडिओ काढला, पण तिथे प्लेगमध्ये पत्नी आणि मूल गेलं. नंतर पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, तीही सोडली. लोणावळ्याला स्वतःचा छापखाना काढला, राजा रविवर्म्यांच्या प्रेसची कामं केली. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं आणायला थेट जर्मनीला गेले. धंदा रंगात आला आणि भागीदाराशी बिनसलं. फाळके सरळ बाहेर पडले. वय चाळिशी ओलांडलेलं, हातात काही नाही.

१९११ मध्ये मुंबईत त्यांनी येशूच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला आणि डोक्यात एकच खूळ शिरलं. रोज सिनेमे, झोप नाही. शेवटी डोळ्यांनी दगा दिला, काही काळ दिसेनासंच झालं! उपचारांनी नजर परत आली. मग विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये लंडन गाठलं आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले.

गंमत बघा, रंगांचा एवढा जाणकार माणूस आता ब्लॅक अँड व्हाइटमध्ये आला. त्या काळची बहुतेक फिल्म तर लाल रंगाला जवळजवळ आंधळी असायची. लाल ओठ काळे दिसायचे, पळसही काळपटच दिसला असता. करून बघायचं असेल तर फोटो ब्लॅक अँड व्हाइट करा आणि कलर मिक्सरमध्ये रेड, ऑरेंज पूर्ण खाली आणा. (नुसतं सॅच्युरेशन शून्य केलं तर हा परिणाम येत नाही, बरं का.)

दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई या कामात बरोबरीने होत्या. कच्च्या फिल्मला भोकं पाडणं, केमिकल कालवणं, शूटिंगमध्ये उजेड वळवायला पांढरी चादर धरून उभं राहणं, आणि वर सगळ्या युनिटचा स्वयंपाक! दागिनेही गेलेच. ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

त्यांचा एकमेव बोलपट ‘गंगावतरण’ १९३७ मध्ये आला, तोही ब्लॅक अँड व्हाइट. त्याच वर्षी अर्देशीर इराणींचा रंगीत ‘किसान कन्या’ आला. त्यातली सिनेकलर पद्धत फक्त दोन रंगांवर चालायची; फाळके तीन रंगांचं काम तरुणपणीच शिकले होते. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये ते वारले.