इतिहासाचार्य राजवाडे : स्मरणरक्षणाचे एक चरित्र

परमार्गात स्मरणास जे स्थान आहे ते निराळे सांगावयास नको. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी उत्तरापंथे गमन केल्यानंतर विरहाने व्याकुळ झालेल्या भक्तपरिवाराचा मुख्य आधार स्मरण हाच होता. रिद्धपुरी आचार्य श्रीनागदेवांच्या सान्निध्यात राहून पंडित म्हाइंभटांनी लीळांचा संग्रह केला. ज्यांनी जे पाहिले, ज्यांनी जे ऐकले, त्यांच्याकडे स्वतः जाऊन त्यांनी ते विचारून घेतले आणि आचार्यांकडून शोधून मगच ग्रंथात घातले. एवढे श्रम त्या महापुरुषाने केले नसते तर लीळांचा तो ठेवा त्या पिढीबरोबरच लोपला असता.

या घटनेस सहाशे वर्षे लोटल्यानंतर महाराष्ट्रात आणखी एक पुरुष असाच दारोदार हिंडला. तो परमार्गातील उपदेशी नव्हता. त्याचे प्रयोजनही मोक्षाचे नसून इतिहासाचे होते. तथापि विस्मृतीच्या तोंडी पडलेले कागद आणि पोथ्या वाचविण्यासाठी त्याने आपले सर्व आयुष्य वेचले, आणि त्याच्या श्रमाचा लाभ महानुभाव वाङ्मयासही झाला. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे हे त्या पुरुषाचे नाव होय.

जन्म, बालपण आणि शिक्षण

राजवाडे यांचा जन्म १८६३ साली कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील वरसई या गावी झाला. बालपणीच पित्याचे छत्र हरपल्यामुळे पुण्याजवळील वडगाव येथे आजोळच्या आश्रयाने त्यांचे संगोपन झाले. वडील बंधू वैजनाथ काशिनाथ हे पुढे संस्कृताचे गाढे पंडित म्हणून प्रसिद्धीस आले. विश्वनाथांचे शिक्षण मात्र सरळ मार्गाने झाले नाही. नेमलेल्या पुस्तकांत त्यांचे मन रमत नसे. ग्रंथालयातील अन्य ग्रंथांतच त्यांचा बहुतेक काळ जाई. अशा रीतीने रेंगाळत त्यांनी १८९० साली डेक्कन कॉलेजातून बी. ए. ची पदवी घेतली. काही काळ पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये त्यांनी अध्यापनही केले, परंतु पुढे नोकरीचा मार्ग कायमचा सोडला. ऐन तारुण्यात पत्नीचा वियोग झाल्यावर त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही.

इंग्रजी विद्येचा सन्मान शिगेला पोहोचलेला तो काळ होता. विद्वानाने काही लिहावयाचे तर ते इंग्रजीतच लिहावे, अशी सर्वसाधारण समजूत होती. राजवाडे यांनी आपले संशोधन मराठीतच लिहिण्याचा निश्चय केला आणि तो आमरण पाळला. परकीय भाषांतील ज्ञान मराठीत आणण्यासाठी त्यांनी ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढले. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथाचे भाषांतरही त्यांच्या हातून झाले. पंडितांची संस्कृत बाजूस ठेवून लोकांच्या मराठीत ज्ञान सांगण्याचा आग्रह ज्या परमार्गात प्रथमपासून आहे, त्यातील वाचकांस या निश्चयाचे मोल सहज कळेल.

दप्तरांचा शोध

पेशवाईचा अंत होऊन तेव्हा पाऊणशे वर्षे होऊन गेली होती. पुण्यातील पेशवे दप्तर इंग्रज सरकारच्या ताब्यात असून अभ्यासकांस त्याचे दार बंद होते. मराठ्यांचा इतिहास लिहावयाचा तर इंग्रज ग्रंथकारांच्या आधाराने किंवा ऐकीव बखरींच्या आधाराने, अशी स्थिती होती. राजवाडे यांच्या ध्यानात असे आले की, खरा इतिहास सरकारी कोठारात जितका आहे तितकाच तो देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, सरदार, सावकार आणि उपाध्ये यांच्या घरांतील माळ्यांवर, रुमालांत बांधलेला पडून आहे.

वाई येथे त्यांस पानिपतच्या काळातील पत्रांचा मोठा संग्रह हाती लागला. ती पत्रे वाचून, लावून, १८९८ साली त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. इ. स. १७५० ते १७६१ या काळातील अस्सल पत्रव्यवहार त्यात असून सोबत दीर्घ प्रस्तावना आहे. पुढे या मालेचे एकूण बावीस खंड निघाले. त्यांतील काही कोल्हापूरच्या ‘ग्रंथमाला’ मासिकातून प्रकाशात आले. हे मासिक प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर चालवीत असत.

बावीस खंड ही संख्या उच्चारण्यास सोपी आहे. त्यामागील श्रम मात्र सहज ध्यानात येणारे नाहीत. एका गावी कागद असल्याचे कळले की राजवाडे तेथे जात, बहुधा पायीच. स्वयंपाक स्वतःच्या हाताने करीत. पेहराव साधा, गरजा अल्प, सामान थोडे. घरधन्यास प्रथम संशय येई. कागद बाहेर गेले तर वतनाचा तंटा उभा राहील, सरकार काही विचारील, भाऊबंद काही म्हणतील, अशी नाना भये असत. कोठे नकार मिळे, कोठे अनेक खेपा घालाव्या लागत. कोठे दप्तर उघडून पाहावे तो वाळवीने त्याची माती केलेली असे, आणि कोठे ते रद्दीच्या भावाने आधीच वाण्याच्या दुकानी गेलेले असे. जे हाती लागे ते मोडी कागद निवडणे, त्यांचा काळ ठरविणे, नकला करणे, मुद्रिते तपासणे, ही सर्व कामे बहुतांशी ते एकटेच करीत. द्रव्याचे साह्य तुटपुंजे होते, आणि विकत घेणारा वाचकवर्ग त्याहून लहान होता.

ऐतिहासिक पत्रांप्रमाणेच जुन्या मराठी ग्रंथांचाही शोध त्यांनी घेतला. एकनाथपूर्व काळातील म्हणून त्यांनी मानलेली ज्ञानेश्वरीची एक प्रत त्यांस मिळाली. ती त्यांनी १९०९ साली छापली आणि तिच्या भाषेचे व्याकरणही रचले. शहाजीराजांच्या पदरी असलेल्या जयराम पिंड्ये या कवीचे ‘राधामाधवविलासचंपू’ आणि उत्तर कोकणचा इतिहास सांगणारी ‘महिकावतीची बखर’ हे दोन ग्रंथ त्यांच्यामुळेच अभ्यासकांच्या हाती आले.

मंडळाची स्थापना

एकट्याच्या आयुष्यात हे कार्य संपणारे नाही हे जाणून त्यांनी ७ जुलै १९१० रोजी पुण्यात सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या साह्याने भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. गावोगावच्या अभ्यासूंनी आपल्याला सापडलेले कागद आणावेत, सभेत वाचावेत, त्यांची चर्चा व्हावी आणि ते छापले जावेत, अशी ही योजना होती. हौशी मनुष्याच्या संग्रहास तिच्यामुळे शास्त्राची शिस्त लाभली. पुढे मतभेद होऊन राजवाडे या मंडळापासून दूर झाले. त्यांचा स्वभाव अत्यंत तापट होता. मतात तडजोड करणे त्यांस ठाऊक नव्हते, आणि त्यामुळे जवळची माणसेही दुखावली जात. मंडळ मात्र त्यांच्या वियोगानेही खुंटले नाही. संस्थापकाच्या स्वभावदोषावर मात करून संस्था जगली, यातच तिच्या पायाचे बळ दिसून येते.

सांकेतिक लिपीचा उलगडा

आता ज्या कार्यामुळे या चरित्राचा महानुभाव वाचकांशी साक्षात संबंध येतो त्याकडे वळू. परमार्गातील ग्रंथ शतकानुशतके सांकेतिक लिप्यांत लिहिले जात. त्यांतील प्रमुख ‘सकळ’ लिपी होय. ती शके १२७५ च्या सुमारास, म्हणजे इ. स. १३५३ च्या आसपास, रवळोबासांनी प्रचारात आणली असे मानले जाते. सुंदरी आदी अन्य लिप्या तिच्या मागून आल्या. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर योजावयाचे, आणि त्याचा संकेत अधिकारी पुरुषाकडूनच शिष्यास मिळावयाचा, अशी ही रीत होती. राजकीय धामधुमीच्या काळात पाठ अनधिकाऱ्याच्या हाती पडू नये व त्यात कोणी भेसळ करू नये, यासाठी पूर्वजांनी ही व्यवस्था केली. तिने ग्रंथ राखले, हे निर्विवाद आहे. मठोमठी पिढ्यान् पिढ्या नकला होत राहिल्या आणि पोथ्या तगल्या.

परंतु याच व्यवस्थेची दुसरी बाजूही होती. ग्रंथ वाचता न आल्यामुळे बाहेरील समाजास परमार्गाचे तत्त्वज्ञान कळण्यास साधन उरले नाही. अज्ञानाची जागा प्रवादांनी घेतली. काळ्या वस्त्रांविषयी, आचाराविषयी, आचार्यांविषयी नाना विपरीत कथा रचल्या गेल्या. ज्या नावात महान अनुभवाचा अर्थ भरला आहे, त्याचाच अपभ्रंश मराठी बोलीत ढोंग्यास उद्देशून वापरला जाऊ लागला. निंदेचे उत्तर पोथीत होते, पण पोथी मुकी होती.

राजवाडे यांनी या लिपीचा अभ्यास करून तिचा उलगडा केला व तो विद्वानांपुढे ठेवला. त्याच काळात ठाण्याचे विनायक लक्ष्मण भावे यांनी महानुभाव पोथ्या मिळवून वाचल्या आणि आपल्या ‘महाराष्ट्र सारस्वत’ या ग्रंथाच्या १९१९ च्या आवृत्तीत त्या वाङ्मयास योग्य ते स्थान दिले. परिणाम दूरगामी झाला. तेराव्या शतकातील भरघोस मराठी गद्य प्रकाशात आले, आणि मराठी वाङ्मयाचा आरंभ कोठून धरावा याचाच विचार पुन्हा करावा लागला. पुढे यवतमाळचे यशवंत खुशाल देशपांडे, नागपूरचे हरि नारायण नेने आणि विष्णु भिकाजी कोलते यांनी हा मार्ग प्रशस्त केला. या कार्यात अनेक महंतांनी आपली बाडे उघडून दिली, हेही येथे कृतज्ञतेने स्मरले पाहिजे. किल्ली सापडली तरी दार उघडणारा आतला मनुष्य लागतोच.

राजवाडे यांची सर्व मते महानुभावांस रुचणारी होती असे नव्हे. संतांच्या व धर्मपंथांच्या कार्याविषयी त्यांनी काही ठिकाणी फार कठोर लिहिले आहे, आणि ते अनेकांस मान्य झाले नाही. त्यांच्या कित्येक व्युत्पत्ती व ऐतिहासिक अनुमाने पुढील संशोधनात टिकली नाहीत. तथापि त्यांनी वाचविलेला कागद त्यांच्या मताहून अधिक टिकाऊ ठरला. ज्या साधनांच्या आधारे त्यांची अनुमाने खोडता आली, त्यांतील कित्येक साधने त्यांनीच मिळवून दिली होती. संग्राहकाचे मोठेपण याहून वेगळ्या प्रमाणाने मोजता येत नाही.

धुळ्यातील अखेर

आयुष्याच्या उत्तरकाळात राजवाडे खानदेशात धुळे येथे राहिले. भाषाशास्त्र आणि समाजशास्त्र यांकडे त्यांचे लक्ष विशेष वळले होते. मराठी धातू व नामे यांची मुळे शोधून त्यांनी प्रचंड टिपणे केली; भारतीय विवाहसंस्थेच्या इतिहासावरील त्यांचे लेखनही याच काळातील आहे. घर नाही, संतती नाही, संचित द्रव्य नाही. भोवती केवळ दप्तरे आणि लिहिलेले कागद, अशा स्थितीत ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे त्यांचे देहावसान झाले. भावे त्याच वर्षी सप्टेंबरात निवर्तले होते. महानुभाव वाङ्मयाचे दार उघडणारे हे दोघेही एकाच वर्षी काळाच्या पडद्याआड गेले.

मागे राहिलेले कागद आता कोणाचे, हा प्रश्न उभा राहिला. ज्याने लोकांचे कागद वाचविले, त्याच्याच कागदांस वाळवी लागण्याचा प्रसंग आला होता. परंतु धुळेकर जागे होते. भास्कर वामन भट आणि त्यांचे सहकारी यांनी जानेवारी १९२७ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर काही दिवसांतच, राजवाडे संशोधन मंडळाची स्थापना करून तो सर्व संग्रह सांभाळला. ‘संशोधक’ हे नियतकालिक काढले. राजवाडे यांचा ‘धातुकोश’ व ‘नामादिशब्दव्युत्पत्तिकोश’ हे दोन्ही ग्रंथ त्यांच्या पश्चात प्रकाशित झाले. पुतळा उभारून, वार्षिक सभा भरवूनही त्यांना गौरव करता आला असता. त्यांनी गुरूचे अपुरे काम हाती घेतले, आणि तोच खरा गौरव ठरला.

या चरित्राचा बोध

राजवाडे यांच्या निधनास आता जवळजवळ शंभर वर्षे होत आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि श्रीगोविंदप्रभूंच्या वास्तव्याने पुनीत झालेल्या रिद्धपुरी मराठी भाषेचे विद्यापीठ स्थापन झाले. ज्या ग्रंथांच्या बळावर मराठीचे प्राचीनत्व सांगितले जाते, त्यांत परमार्गाच्या ग्रंथांचे स्थान अग्रभागी आहे. हा मान आयता मिळालेला नाही. अंधारात नकला करणारे अनामिक साधू, बाडे उघडून देणारे महंत आणि बाहेरून येऊन लिपी उलगडणारे विद्वान या तिघांच्या श्रमांचे ते फळ आहे.

अद्यापि अनेक मठांत व वासनिकांच्या घरी पोथ्या वस्त्रांत गुंडाळलेल्या आहेत. त्यांची पूजा होते. उघडून पाहिले मात्र क्वचितच जाते. पूजेने पोथी पवित्र राहते, पण वाळवी पूजा जाणत नाही. वर्षातून एकदा पोथ्या उन्हाच्या झळीपासून दूर, मोकळ्या हवेत उलगडाव्यात, पाने मोजावीत, नावनिशी लिहून ठेवावी, जाणत्याकडून प्रत करून घ्यावी, छायाचित्रे काढून ठेवावीत. एवढे प्रत्येक स्थानी झाले तरी पुष्कळ होईल. गावातील जो वृद्ध सकळ लिपी अस्खलित वाचतो, त्याच्यापाशी एखाद्या तरुणाने दोन महिने बसावे. त्या वृद्धाचा सत्कार शाल-श्रीफळाने जरूर करावा. परंतु त्याची विद्या घेणारा शिष्य मिळाला, तर तो सत्कार त्याच्या मागेही टिकेल.

म्हाइंभटांनी विचारीत फिरून लीळा राखल्या. राजवाडे यांनी मागत फिरून दप्तरे राखली. एकाचा मार्ग भक्तीचा, दुसऱ्याचा चिकित्सेचा. परंतु वेळ निघून जाण्यापूर्वी दोघेही घराबाहेर पडले. या दोघांचे स्मरण ज्यास करावयाचे असेल, त्याने आज आपल्या घरातील बाडाची गाठ सोडावी.