रुग्ण स्त्रियांची कैवारी

आज जालन्यासारख्या जिल्ह्याच्या गावी एखादी स्त्री आजारी पडली, तर तिला तपासण्यासाठी स्त्री-डॉक्टर मिळते. आपले दुखणे तिला मोकळेपणाने सांगता येते. दीडशे वर्षांपूर्वी आपल्या देशात अशी सोय जवळजवळ नव्हतीच. परक्या पुरुषापुढे आपला आजार उघड करणे त्या काळच्या स्त्रीला मरणाहून कठीण वाटे. त्यामुळे कितीतरी स्त्रिया घरातील काळोख्या खोलीत मुकाट्याने दुखणे सोशीत आणि औषधावाचून प्राण सोडीत. हे मुके दुःख वयाच्या अठराव्या वर्षी भर सभेत बोलून दाखविणारी एक महाराष्ट्रीय स्त्री होऊन गेली. ती स्वतःही सतत आजारी असे. तिचे नाव डॉ. आनंदीबाई जोशी.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. त्यांचे माहेर कल्याणचे. माहेरी त्यांना यमुना म्हणत. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीस होते आणि वयाने त्यांच्याहून पुष्कळच मोठे होते. आपल्या पत्नीने शिकलेच पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता. तथापि त्यांचा स्वभाव हट्टी व तापट होता. अभ्यासात हयगय झाली, की ते फार कठोर होत. लहानग्या आनंदीला प्रथम या शिक्षणाचा जाचच वाटे. शिकणारी मुलगी पाहून लोक हसत, टोचून बोलत. परंतु हळूहळू तिला पुस्तकांची गोडी लागली आणि पतीचा ध्यास तिचाही झाला.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. पण तो अवघे दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती, तर बाळ वाचले असते, ही खंत त्या कोवळ्या आईच्या मनातून कधीच गेली नाही. आपल्यासारख्या किती माता अशाच रडत असतील, हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. आपण स्वतःच वैद्यकशास्त्र शिकावे, असे त्यांनी ठरविले.

अमेरिकेतील एका नियतकालिकात गोपाळरावांचे पत्नीच्या शिक्षणाविषयीचे पत्र छापून आले होते. दंतवैद्याच्या दवाखान्यात बसल्या असताना श्रीमती कार्पेंटर या बाईंच्या ते वाचनात आले. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले आणि सातासमुद्रांपलीकडे एक मायेचे नाते जुळले. पुढे गोपाळरावांची बदली बंगालमध्ये झाली. तेथे आनंदीबाईंची प्रकृती ढासळली. सतत डोके दुखे, मधूनमधून ताप येई, कधी दम लागे, अंगात शक्ती उरत नसे. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे पाठविली, पण गुण आला नाही. रोग्याचे दिवस कसे जातात, हे आनंदीबाई आता स्वतःच्या देहावर अनुभवीत होत्या.

अशा प्रकृतीच्या स्त्रीने एकटीने परदेशी जावे, हे कोणास पटणार? समुद्र ओलांडणे म्हणजे धर्म बुडविणे, अशी त्या वेळी समजूत होती. लोकांनी टीकेची झोड उठविली. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील महाविद्यालयात आनंदीबाई सभेपुढे उभ्या राहिल्या. हे श्रीरामपूर बंगालमधील, कलकत्त्याजवळचे. हिंदुस्थानातील स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांची किती गरज आहे, हे त्यांनी इंग्रजीतून समजावून सांगितले. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असेही त्यांनी ठामपणे सांगितले. त्या भाषणाने अनेकांची मने वळली व मदतीचे हात पुढे आले.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्या बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. फिलाडेल्फिया येथे स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय होते. तेथे त्यांनी प्रवेशासाठी अर्ज पाठविला. आपल्या पीडित देशभगिनींना खरी वैद्यकीय मदत मिळावी, यासाठीच आपण आलो आहोत, असे त्यांनी त्यात नमूद केले. त्यांना प्रवेश मिळाला. तेथील कडाक्याची थंडी त्यांना मानवली नाही. अंगावर साडी आणि शाकाहार हा नेम त्यांनी सोडला नाही. क्षयाने शरीर आतून पोखरत होते. अभ्यास मात्र चालूच होता. प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र या विषयावर त्यांनी प्रबंध लिहिला. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली, तेव्हा पंडिता रमाबाई समारंभास मुद्दाम उपस्थित होत्या. व्हिक्टोरिया राणीनेही अभिनंदनाचा संदेश पाठविला.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाची सूत्रे त्यांच्या हाती देण्याचे ठरले. ज्या कामासाठी एवढा अट्टाहास केला, ते काम आता दारी आले होते. परंतु १८८६ च्या नोव्हेंबरमध्ये मायदेशी परतल्या, त्या अंथरुणाला खिळूनच. डॉक्टर होऊन आलेली ही तरुणी पुन्हा रुग्णच झाली. पुण्यात उपचार सुरू झाले, पण रोग हटला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी आनंदीबाईंनी जगाचा निरोप घेतला. बाविसावे वर्षही अद्याप पुरे व्हायचे होते. त्यांचा रक्षाकलश अमेरिकेत कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आला. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी गावी, त्या कुटुंबाच्या दफनभूमीत, त्यांच्या नावाची शिळा आहे.

कोल्हापूरच्या रुग्णालयात आनंदीबाईंना एकाही रुग्णाची नाडी पाहता आली नाही. मग त्यांचे कार्य कोणते? रुग्ण स्त्री मुकी होती. तिला त्यांनी वाचा दिली. स्त्री-डॉक्टर होणे अशक्य आहे, असे म्हणणाऱ्यांना त्यांनी स्वतःच्या उदाहरणाने उत्तर दिले. पुढे डॉ. रखमाबाई विलायतेहून वैद्यकीय शिक्षण घेऊन आल्या आणि त्यांनी सुरत व राजकोट येथे दीर्घकाळ स्त्रियांवर उपचार केले. त्यांच्यामागून कितीतरी मुलींनी ही वाट धरली. स्वतःचे दुखणे सोसणारे पुष्कळ असतात. त्या दुखण्यातून इतरांचे दुखणे ओळखून त्यांच्यासाठी उभे राहणारे विरळा. आनंदीबाई अशा विरळ्यांपैकी एक होत्या.