होम्सचा जनक : आर्थर कॉनन डॉयल

शेरलॉक होम्स हे नाव ऐकले नाही असा विद्यार्थी क्वचितच सापडेल. परंतु त्या चतुर गुप्तहेरास जन्म देणाऱ्या आर्थर कॉनन डॉयल यांचे चरित्र मात्र फारच थोड्यांस ठाऊक असते. खुद्द डॉयल यांच्या आयुष्यातील शल्यही नेमके हेच होते. लेखकाने आपला नायक संपवावा आणि वाचकांनी तो हट्टाने परत मागावा, असा विलक्षण कलह त्यांच्या वाट्यास आला.

डॉयल यांचा जन्म २२ मे १८५९ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरी झाला. वडील चार्ल्स हे चित्रकार, पण मद्याच्या आहारी गेलेले. त्यामुळे घरात सुबत्ता अशी कधी नव्हती. आई मेरी मात्र गोष्टी सांगण्यात मोठी निपुण होती, आणि मुलाने तो वारसा पुरेपूर उचलला. १८७६ साली ते एडिंबरोच्या विद्यापीठात वैद्यकी शिकू लागले. तेथे त्यांना डॉ. जोसेफ बेल हे गुरू लाभले. रोगी समोर येऊन बसताच त्याची चाल, त्याचे हात, त्याची बोली एवढ्यावरून त्याचा धंदा आणि प्रवासदेखील बेल ओळखीत. होम्सच्या बुद्धीचे मूळ येथे आहे.

१८८२ साली डॉयल यांनी पोर्टस्मथच्या साउथसी भागात दवाखाना थाटला. रोगी थोडे आणि मोकळा वेळ पुष्कळ! त्या वेळेत लिहिलेली ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ ही होम्सची पहिली कथा १८८७ साली प्रसिद्ध झाली. तिचे सर्व हक्क त्यांनी अवघ्या २५ पौंडांस विकले होते.

खरी कीर्ती आली ती १८९१ पासून, ‘स्ट्रँड’ मासिकातील लघुकथांमुळे. या कथांस सिडनी पॅजेट यांनी चित्रे काढली. डॉयल यांच्या मनातील होम्स काहीसा कुरूपच होता. पॅजेट यांनी त्यास देखणा केला, पुढेमागे झडप असलेली शिकाऱ्याची टोपीही दिली. वाचकांनी हाच चेहरा मनात धरला. तेव्हापासून होम्सचे रूप लेखकाच्या हाती उरले नाही, असे म्हणावयास हरकत नाही.

डॉयल यांचा जीव रमत होता तो ऐतिहासिक कादंबऱ्यांत. ‘द व्हाइट कंपनी’सारख्या कृतींवर आपले नाव टिकावे अशी त्यांची मनीषा होती, आणि होम्स त्या वाटेत आडवा येत होता. त्यास मारण्याचा विचार त्यांनी पूर्वीच आईस कळविला होता. तिने तो परतवून लावला. परंतु डिसेंबर १८९३ च्या अंकात त्यांनी स्वित्झर्लंडमधील रायखेनबाख धबधब्यापाशी होम्सचा शेवट केलाच. त्याच वर्षी त्यांचे वडील वारले आणि पत्नीस क्षय जडल्याचे निष्पन्न झाले. जनता मात्र शोक करीत होती ती एका काल्पनिक मनुष्याचा! संतापलेल्या वाचकांची पत्रे येऊ लागली. लंडनच्या तरुणांनी काळ्या फिती बांधल्या, ही आख्यायिका मागाहून रचलेली दिसते. परंतु तशी आख्यायिका रचावीशी वाटली, हेही काही थोडे नव्हे.

पुढे विल्यम जिलेट या अमेरिकन नटाने होम्सला रंगभूमीवर आणले. नाटकात होम्सचे लग्न लावले तर चालेल काय, असे त्याने तारेने विचारले. डॉयल यांनी वाटेल ते करण्यास मुभा दिली. नाटक १८९९ साली न्यूयॉर्कला गाजले. होम्सच्या तोंडी दिसणारी वाकडी चिलीम ही बहुधा जिलेटचीच देणगी. मूळ कथांत ती नाही.

अखेर लेखक नमला. ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ (१९०१–०२) ही कथा त्यांनी होम्सच्या मृत्यूपूर्वीची म्हणून सांगितली, आणि १९०३ साली तर त्यास जिवंतच परत आणले. यानेही सर्वांचे समाधान झाले नाही. कॉर्नवॉलच्या एका नावाड्याने त्यांना तोंडावर सांगितले की, होम्स कड्यावरून पडून मेला नसेल, पण त्यानंतर तो पूर्वीचा राहिला नाही. ही गोष्ट डॉयल यांनी स्वतःच आत्मचरित्रात नमूद केली आहे.

होम्सची बुद्धी जनकापाशीही असणार, अशी लोकांची समजूत होती. एका प्रसंगी तरी ती खरी ठरली. मुंबईच्या एका पारशी गृहस्थाने ख्रिस्ती होऊन इंग्लंडमधील ग्रेट वर्ली गावी धर्मोपदेशकाचे काम पत्करले होते. त्याचा वकील मुलगा जॉर्ज एडलजी यास रात्रीच्या अंधारात जनावरांस जखमी केल्याच्या आरोपावरून १९०३ साली सात वर्षांची सक्तमजुरी झाली. तीन वर्षांनी सुटल्यावर तो डॉयल यांस भेटावयास आला. वर्तमानपत्र अगदी डोळ्यांशी धरून तो वाचीत होता. असा अधू दृष्टीचा माणूस अंधारात शेते ओलांडून गेला कसा? डॉयल यांनी लेख लिहून रान उठविले. १९०७ साली जॉर्जला माफी मिळाली, भरपाई मात्र मिळाली नाही. त्याच वर्षी इंग्लंडात फौजदारी अपील न्यायालयाचा कायदा झाला, त्यामागे हेही प्रकरण होते.

१९२१ ते १९२३ या काळात आयल नॉरवुड या नटाने ४७ मूकपटांत होम्सची भूमिका केली. डॉयल यांस त्याचा अभिनय फार आवडला, पण चित्रपटांत टेलिफोन आणि मोटारी आणल्याचे खटकले. त्यांचा होम्स या वस्तूंच्या पूर्वीचा. ज्या नायकाविषयी जिलेटला मोकळीक दिली, त्याच्याविषयी आता ते स्वतःच एखाद्या निष्ठावंत वाचकासारखी कुरकुर करू लागले होते! बेसिल रॅथबोन, जेरेमी ब्रेट, २०१० साली होम्सला आजच्या लंडनमध्ये आणणारा बेनेडिक्ट कंबरबॅच, अशा प्रत्येक नव्या नटास पुढे याच कसोटीतून जावे लागले.

उत्तरायुष्यात डॉयल परलोकविद्येच्या मागे लागले. तर्कनिष्ठ होम्सचा निर्माता पऱ्यांच्या छायाचित्रांवर विश्वास ठेवतो, हे वाचकांस पटणे कठीणच होते. १९२७ साली होम्सची शेवटची कथा निघाली, आणि ७ जुलै १९३० रोजी क्रोबरो येथे डॉयल यांनी देह ठेवला. कथांतील होम्सचा पत्ता २२१ बी, बेकर स्ट्रीट. १९३२ साली त्या जागी एका संस्थेचे कार्यालय आले, तो तेथे होम्सच्या नावे पत्रे येऊ लागली. त्यांस उत्तरे देण्यासाठी संस्थेस एक चिटणीस नेमावा लागला.