खिडकीतला चित्रकार

मुलांनो, आपल्या सातपूरमध्ये खिडकीतून बाहेर पाहिले, तर रस्ता दिसतो, झाडे दिसतात, कारखाने दिसतात. बर्फ मात्र दिसत नाही. आज तुम्ही ज्याची गोष्ट वाचणार आहात, त्याच्या जन्मगावीही बर्फ पडत नसे. तरीही त्याने काढलेली बर्फाची चित्रे जगभर नावाजली गेली. त्याचे नाव कामीय पिसारो.

पिसारोचा जन्म १० जुलै १८३० रोजी कॅरिबियन समुद्रातील सेंट थॉमस या उष्ण बेटावर झाला. वडिलांचे दुकान होते. बाराव्या वर्षी त्याला शिक्षणासाठी पॅरिसला पाठवले. परत आल्यावर तो वडिलांच्या धंद्यात काम करू लागला. पण त्याचे मन बंदरावरची माणसे आणि बोटी रेखाटण्यात रमे. शेवटी १८५५ मध्ये तो चित्रकार होण्यासाठी फ्रान्सला गेला.

तेथे त्याची चित्रे फारशी विकली जात नसत. संसार मोठा आणि पैसा थोडा. १८७० मध्ये फ्रान्स व प्रशिया यांचे युद्ध पेटले. पिसारो कुटुंबासह लंडनला गेला. परत येऊन पाहतो तर काय! शत्रूच्या सैनिकांनी त्याच्या घरात तळ ठोकला होता. पायांना चिखल लागू नये म्हणून त्यांनी त्याची चित्रे जमिनीवर अंथरली होती. अनेक वर्षांची मेहनत मातीमोल झाली. पिसारोने पुन्हा कुंचला हाती घेतला. १८७४ ते १८८६ या काळात त्याने व त्याच्या मित्रांनी नव्या पद्धतीच्या चित्रांची आठ प्रदर्शने भरवली. आठही प्रदर्शनांत चित्रे मांडणारा तो एकटाच होता.

पिसारोला उघड्यावर बसून चित्रे काढायला आवडे. पण साठीच्या सुमारास त्याला डोळ्याचा आजार जडला. वारा आणि धूळ सोसवेना. आता काय करावे? त्याने हॉटेलच्या वरच्या मजल्यावर खोली घेतली आणि बंद खिडकीच्या काचेतून दिसणारे पॅरिस रंगवायला सुरुवात केली. १८९७ मध्ये त्याने एकाच रस्त्याची चौदा चित्रे काढली. १९०२ मध्ये आपल्या घरातून दिसणारा लूव्र राजवाडा त्याने बर्फात रंगवला.

तुम्हांला वाटेल, बर्फ रंगवायला पांढरा रंग पुरे. पण नीट पाहा! बर्फावर ऊन पडले, की तो पिवळसर, गुलाबी दिसतो. सावलीत निळा, जांभळा. शिवाय तैलरंग वाळायला कित्येक दिवस लागतात आणि उजेड तर थोड्या वेळात बदलतो. म्हणून पिसारो एकाच वेळी अनेक चित्रे हाती घेई. ऊन गेले, की उन्हाचे चित्र बाजूला ठेवी आणि ढगाळ हवेचे चित्र पुढे घेई.

१३ नोव्हेंबर १९०३ रोजी पॅरिसमध्ये त्याचा मृत्यू झाला. आजाराने त्याला घरात बसवले. पण त्याचे पाहणे थांबले नाही.

मुलांनो, उद्या सकाळी तुमच्या खिडकीतून रस्ता पाहा. संध्याकाळी पुन्हा पाहा. रस्ता तोच असेल. रंगही तेच असतील का?