डॉ. कमल रणदिवे : प्रयोगशाळेपासून पाड्यापर्यंत

मागच्या पावसाळ्यात आत्याला घेऊन मी रोह्याहून खारघरला गेले. तिच्या छातीत गाठ होती. वर्षभर तिने ती कोणालाही सांगितली नव्हती. का सांगितली नाहीस असे विचारले, तर लाज वाटली एवढेच तिचे उत्तर. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, म्हणून कागदपत्रे सांभाळायला माझी नेमणूक झाली. तपासणीच्या अहवालात हार्मोन हा शब्द दोन-तीनदा आला होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावून सांगितले की या गाठीला शरीरातल्याच एका हार्मोनचे पोषण मिळते, म्हणून ऑपरेशननंतर ते पोषण तोडणारी गोळी काही वर्षे घ्यावी लागेल.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. दहावीनंतर विज्ञानाशी माझा संबंध सुटला. परतीच्या गाडीत मात्र एक प्रश्न डोक्यातून जाईना. छातीतल्या गाठीचा आणि हार्मोनचा संबंध पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आला असेल? हे शोधता शोधता मला डॉ. कमल रणदिवे यांचे चरित्र सापडले. त्याची ओळख आपल्या वार्षिकातून करून द्यावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील दिनकर दत्तात्रय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. मुलग्यांइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, मुलींनी शिकले पाहिजे असे मानणारे ते गृहस्थ होते. हुजूरपागेतले शिक्षण संपवून कमलताई फर्ग्युसनमध्ये गेल्या व तिथे त्यांनी वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र हे विषय घेतले. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे अशी वडिलांची इच्छा होती. घडले ते निराळेच. १९३९ साली त्यांचा विवाह गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी झाला आणि त्या मुंबईला आल्या. लग्नानंतर चार वर्षांनी, १९४३ मध्ये, पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून त्या एम. एस्सी. झाल्या. विषय होता सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींचा व त्यांच्या आनुवंशिकतेचा. संसार मांडल्यावर पुस्तके माळ्यावर टाकायची असतात हा आपल्याकडचा रिवाज. तो त्यांनी मानला नाही, आणि पतीनेही मानू दिला नाही.

मुंबईत परळला १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले होते. तेथील प्रयोगशाळेत डॉ. वसंत रामजी खानोलकर हे नामवंत विकृतिशास्त्रज्ञ काम करीत होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली कमलताईंनी स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास हाती घेतला आणि १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळवली. सीताफळाच्या पेशी मागे राहिल्या आणि उंदराच्या पेशी समोर आल्या.

माझ्या प्रश्नाचे उत्तर इथेच मिळते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. हार्मोनला मराठीत संप्रेरक म्हणतात. काही ग्रंथी आपला रस थेट रक्तात सोडतात आणि तो दूरच्या अवयवाला कामाला लावतो. या ग्रंथींपैकी अनेकींवर हुकमत चालते ती मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीची. पण पीयूषिकाही स्वतंत्र नाही. तिच्या वर मेंदूचाच हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे, आणि तो सूक्ष्म प्रमाणात रासायनिक निरोप पाठवून तिला चालवतो. हे निरोप ओळखल्याबद्दल गिलमँ आणि शॅली या शास्त्रज्ञांना १९७७ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. म्हणजे मेंदूचा हुकूम पीयूषिकेला, पीयूषिकेचा अंडाशयाला, आणि अंडाशयातून निघालेले इस्ट्रोजेन स्तनाला, अशी ही उतरंड आहे. मुलगी वयात येते, बाई बाळंत होते, तिला दूध येते, हे सारे या उतरंडीवर चालते.

हीच उतरंड कर्करोगातही हात घालते, हे हळूहळू उमगत गेले. १८९६ साली ग्लासगोच्या बीटसन या शल्यविशारदाने अंडाशय काढून टाकल्यावर स्तनातील गाठी आक्रसतात असे दाखवले. तेव्हा हार्मोन हा शब्दही जन्मला नव्हता. १९३२ मध्ये फ्रान्समध्ये लाकासान यांनी नर उंदरांना इस्ट्रोजेन टोचून त्यांच्यात स्तनाचा कर्करोग निर्माण केला. १९३६ मध्ये अमेरिकेत बिटनर यांना आढळले की काही जातींच्या उंदरांत रोगाचे कारण आईच्या दुधातून पिलाकडे जाते. पुढे ते कारण म्हणजे एक विषाणू असल्याचे ठरले. (माणसाच्या बाबतीत हे खरे नाही. उलट अंगावर पाजणाऱ्या आईला या रोगाचा धोका कमी असतो. माझ्या मैत्रिणींनी गैरसमज करून घेऊ नये.)

आनुवंशिकता, संप्रेरक आणि विषाणू या तीन धाग्यांची गाठ कुठे बसते, हा कमलताईंच्या अभ्यासाचा विषय होता. ज्यांना हा रोग हमखास होतो आणि ज्यांना सहसा होत नाही, अशा निरनिराळ्या जातींच्या उंदरांच्या स्तनग्रंथींची त्यांनी तुलना केली. रोगाची प्रवणता, संप्रेरके आणि विषाणू यांचे नाते भारतात ज्यांनी प्रथम उलगडले, त्यांत त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. उंदरांच्या पिढ्यामागून पिढ्या सांभाळायच्या, प्रत्येकीची नोंद ठेवायची, काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या, या कामात झगमगाट नाही. आत्याच्या अहवालातला तो एक शब्द मात्र देशोदेशीच्या अशाच चिकाटीतून आला.

पुढे शिष्यवृत्ती मिळवून त्या अमेरिकेत बाल्टिमोरला डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात पेशी जगवण्याचे तंत्र त्या तिथे शिकल्या. याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय स्त्रीच्या कर्करोगाच्या पेशी वाढवल्या गेल्या. त्या जगभर पोहोचल्या व आजही वाढत आहेत. पण त्या बाईची परवानगी कोणी घेतली नव्हती. हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले. बाईच्या देहातून मिळालेले ज्ञान बाईपर्यंत परत येते का?

कमलताई परदेशात राहिल्या नाहीत. परत येऊन त्यांनी परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. पेशी वाढवायला लागणारी द्रव्येही त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी इथेच तयार केली. १९५८ साली कुष्ठरुग्णापासून जो जीवाणू तिथे वेगळा केला गेला, त्या कामात त्यांचा वाटा होता. पुढे त्यावरून कुष्ठरोगाची लस तयार झाली. पानविड्यातील घटक हॅम्स्टर या प्राण्याच्या गालाला लावून त्यांचा परिणामही त्यांनी तपासला. घरोघरी मिश्री लावणाऱ्या आपल्या भागात तरी हे काम क्षुल्लक वाटू नये. १९६६ ते १९७० या काळात संचालकपदाची धुराही त्यांनी सांभाळली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

मला सर्वांत मोठे वाटते ते त्यांचे निवृत्तीनंतरचे काम. १९७३ मध्ये त्यांनी इतर स्त्री-शास्त्रज्ञांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली होती. पुढे त्या अहमदनगर जिल्ह्यातील (आताच्या अहिल्यानगरमधील) अकोले तालुक्यात, राजूरच्या परिसरात गेल्या. आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी केली, खेड्यातील बायकांना आरोग्याची माहिती देण्याचे काम केले. आयुष्यभर सूक्ष्मदर्शकातून पाहिलेली बाई उतारवयात पाड्यावरच्या पोराचे वजन पाहू लागली. माझ्या प्रश्नाला त्यांनी असे उत्तर दिले, असे मी समजते.

२००१ साली त्या गेल्या. त्यानंतर वर्षभरात, २००२ मध्ये, त्यांची संशोधन संस्था परळहून आपल्याच रायगड जिल्ह्यात, खारघरला आली. मी आत्याला घेऊन गेले ती वास्तू हीच. त्या दिवशी मला यातले काहीच ठाऊक नव्हते.

आत्या आता बरी आहे. रोज रात्री जेवण झाले की गोळी घेते. कमल रणदिवे कोण हे मी तिला सांगितले, उंदरांची गोष्टही सांगितली. ती हसली. पण मागच्या महिन्यात शेजारच्या काकूंना तिने स्वतःहून विचारले की तुमच्या छातीत काही हाताला लागते का, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना तपासणीला नेले. गाठ साधी निघाली.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी पुष्कळजण घरातले पहिले पदवीधर होणार आहोत. प्रयोगशाळेत जाणे सर्वांच्या नशिबी नसेल, पण घरातला अहवाल वाचणे आणि घरातली लाज मोडणे आपल्या हाती आहे. एवढे केले तरी कमलताईंचे काम आपण एक पाऊल पुढे नेले असे होईल.